शेंदराखालची अक्षरं

या, असे दारातच काय उभे राहता? सरका जवळ. परंड्याला येता, किल्ला बघता आणि परस्पर कुर्डुवाडीची गाडी धरता. या किल्ल्याचा दगड न् दगड वाचणारा माणूस आमच्या समोर राहत होता, त्याची चौकशी करावी असं कुणाच्या मनात येत न्हाय. आता बसा आणि ऐका.

"सबर करा. दगड कुठं पळून जातोय?" हे त्यांचं नेहमीचं बोलणं. म्हणताना तळहात असा वर धरायचे, जशी काय एसटीच थांबवतायत.

ते शाळेत मास्तर, म्हणून आम्ही गुरुजी म्हणायचो. शिकले निजामाच्या अमलात, उर्दूतून. निजामाचं राज्य गेल्यावर एक वकील, एक डॉक्टर आणि हे, अशांनी मिळून आमच्या समोरच्या खोलीत इतिहास मंडळ काढलं. गुरुजी चिटणीस. रविवारी गावोगाव जायचं, कोरलेल्या दगडावर ओला कागद बसवायचा, ब्रशनं ठोकायचा, वरून शाई लावून अक्षरांचा ठसा घ्यायचा. ते ठसे वाळायचे कुठं, तर माझ्या दोरीवर! "ताई, लुगडं जरा सरकवा," गुरुजी म्हणायचे, "राजेसाहेब वाळतायत."

एकदा मी सहज बोलून गेले की माझ्या माहेरी वेशीजवळ दगडातली देवीआई आहे, तिच्या शेंदराचा टवका उडालाय आणि आत अक्षरं दिसतायत. गुरुजींनी हातातला चहा खाली ठेवला. या भागात किल्ल्याच्याही आधीचा लेख सापडावा, हा त्यांचा किती दिवसांचा ध्यास. पुढच्या रविवारी सगळं मंडळ बैलगाडीत, आणि वाट दाखवायला मी.

वेशीजवळ पोचलो, तर दगडाला टेकून माझी वहिनी बसलेली. आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती. आता सातवा महिना. या आईला नवस बोलून रोज दिवा लावत होती. शेजारी दादा काठी घेऊन उभा, आणि मागं सगळा गाव.

वकीलसाहेबांनी पिशवीतून खुरपं काढलं.

"शेंदराला लोखंड लावायचं न्हाय," दादा म्हणाला. "थर साचून कवच होतं, ते आपल्या आपण पडतं. आमी काढत न्हाय."

"अहो, निजाम गेला आता. जरा सुधारा."

"निजामानंबी हात लावला न्हवता!"

कुणीतरी हसलं. वकीलसाहेब पुढं सरकले, तशी दादानं काठी आडवी धरली. वहिनीनं दगडाला दोन्ही हातांनी मिठी मारली. "गुरुजी, माझं एवढं लेकरू राहू द्या वो," एवढंच म्हणाली. मीच आणलं होतं ना या सगळ्यांना.

दादानं एकट्या गुरुजींना पुढं येऊ दिलं. ते उकिडवे बसले. टवक्यातून अक्षरं बघितली, मग खाली शेंदूर पातळ होता तिथं डोळे लावून बघितलं. चेहरा एकदम बदलला. दगडाकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं. वकीलसाहेबांनी खुरपं त्यांच्या हातात दिलं. गुरुजींनी ते धरलं.

मग त्यांनी खुरपं मागं दिलं. तळहात वर झाला. "सबर करा. दगड कुठं पळून जातोय? कवच पडलं की वाचू."

परतताना वकीलसाहेब सगळी वाट तोंड फिरवून बसले. गुरुजी हळूच मला म्हणाले, "ताई, ती देवी न्हाय. दान दिलेल्या जमिनीचा दगड आहे. दान मोडणाऱ्याला खाली चित्रातच शिवी कोरलीय. बाई आणि गाढव."

मी पदर तोंडाला लावला. "मग तिथं बोलला का न्हाय?"

"त्या पोरीसमोर?" म्हणाले, आणि पार परंडा येईपर्यंत बैलांच्या पाठीकडं बघत राहिले.

मंडळानं दुसरा चिटणीस नेमला. "तुमचा दगड पळाला का हो?" म्हणून वकीलसाहेब चारचौघांत टोमणे मारायचे. गुरुजी नुसते हसायचे. वहिनीला मुलगी झाली, धडधाकट. गुरुजी दर साली माझ्या माहेरी जायचे. ती पोर लांबूनच ओरडायची, "न्हाय पडलं, गुरुजी!" तिच्या हातावर गूळ-शेंगा ठेवायचे आणि माघारी फिरायचे. पुढं डोळे अधू झाले, तरी जायचे. तो लेख न वाचताच गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कवच पडलं. अख्खं, आपल्या आपण. निरोप आला तशी मी धावत गेले. वहिनी उघड्या पडलेल्या त्या बाई-गाढवाच्या चित्रासमोर खाली मान घालून बसली होती. मग बैलगाडीतलं ते बोलणं मी तिला सांगितलं.

"म्हणजे गुरुजींना तवाच ठावं होतं?"

"व्हय."

ती उठली. तेलात शेंदूर कालवला आणि खालच्या चित्रावर जाड थापला. वरची अक्षरं मात्र पदरानं पुसून उघडीच ठेवली. "एवढं गुरुजींचं," म्हणाली.

ती अक्षरं अजून तशीच उघडी आहेत. ऊन-पाऊस खातायत, झिजतायत. मला वाचता येत न्हाईत. तुमच्यात कुणाला ते जुनं वळण वाचता येत असलं तर कागद घेऊन या, वाट मी दाखवते. दगड पळून जात न्हाय, पण तुम्ही लवकर या. माझी दोरी रिकामीच आहे.