ताईचं बोलणं आणि चाकांची घरघर

मेहकर मागे पडलं, की सिमेंटचा रस्ता सुरू होतो आणि गाडीच्या पोटातून एक जाड, अखंड घरघर वर येऊ लागते. आधी ती तळपायांना कळते, मग पाठीला, मग स्टिअरिंगवर टेकलेल्या बोटांना; कानांपर्यंत पोचते तेव्हा ती वेगळी अशी ऐकूच येत नाही, गाडीतल्या हवेचाच भाग होऊन बसते. मध्येमध्ये रस्त्याचे सांधे येतात आणि त्या घरघरीला धप्‌ धप्‌ असा ठेका मिळतो. मग एखादा जुना डांबरी तुकडा लागतो आणि सगळं एकदम मवाळ होतं! पण तो तुकडा फार लांब कधीच नसतो. इतकी वर्षं मी या रस्त्यानं गाडी चालवली, आणि या आवाजाबद्दल माझी काडीचीही तक्रार नव्हती. गाडी म्हटली की आवाज असायचाच, अशी माझी समजूत. आवाज मोठा की लहान, हे ठरवायला शेजारी कुणीतरी अगदी हलक्या स्वरात बोलणारं असावं लागतं, हे मला वयाची साठी उलटल्यावर कळलं. आणि ते कळलं माझ्या ताईमुळे.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लोणारजवळच्या आमच्या खेड्यात तिचं लहानसं शेत आहे. त्यात वांगी, मिरची, मेथी आणि सांबार, म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर. आठवडी बाजारात बसली, की तिची हाक भाजीच्या ओळीपासून थेट मडक्यांच्या ओळीपर्यंत जायची. आणि तोच कंठ पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारात वंदना सुरू करताना असा काही गंभीर, असा संयत होई, की मुलांची चुळबुळ आपोआप थांबे. पुढे ती म्हणायची, मागून सारं विहार म्हणायचं. मी शिक्षिका झाले, आयुष्यभर वर्गात बोलले, पण बोलण्यात आणि आवाज असण्यात केवढं अंतर असतं! ते अंतर मी ताईच्या शेजारी बसून दर वेळी मोजलं आहे.

मागच्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, जीव वाचला. त्या गाठीला आवाजाची नस बिलगून बसली होती, तिला धक्का लागू शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. शुद्धीवर आल्यावर ताईनं तोंड उघडलं तेव्हा जे बाहेर आलं, त्याला आवाज म्हणावं की नुसता श्वास? पाणी मागत होती ती. मी तिच्या ओठांवरून ओळखलं.

बुलढाण्याला आवाजाचे व्यायाम शिकवणारी एक तरुण डॉक्टरीण आहे. तिनं दर बुधवारी बोलावलं. मी निवृत्त, लोणारला राहणारी, दारात एक जुनी पण इमानी गाडी. तेव्हा ठरलं: बुधवारी सकाळी खेड्यातून ताईला घ्यायचं आणि मेहकर, चिखली करत बुलढाणा गाठायचं. लग्नानंतर आम्ही दोघी एवढा वेळ एकमेकींच्या शेजारी कधी बसलो होतो? मला तर ही तिच्या आजारपणाची एक गुपचूप देणगी वाटत होती.

ताई बोलायची. तिचे ओठ हलताना मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत. पण ती घरघर, काचांच्या फटीतून येणारी वाऱ्याची शीळ, मागे डिकीत कशाचं तरी खडखडणं, यांत तिचे शब्द माझ्यापर्यंत यायच्या आधीच विरून जात. पुन्हा विचारलं तर तिला गळा ताणावा लागेल, म्हणून मी विचारत नसे. "हो ना," म्हणायचे. "खरंय," म्हणायचे. आणि याला मी मायाच समजत होते!

एका बुधवारी, चिखलीच्या अलीकडे, ती बराच वेळ बोलली. बाहेर सोयाबीनच्या वावरांकडे पाहत, थांबत थांबत. तिचं संपलंसं वाटलं तेव्हा मी म्हणाले, "बरं झालं." तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा बाहेर पाहू लागली. बुलढाणा येईपर्यंत तिचे ओठ हलले नाहीत. परत येताना नाहीत. पुढच्या बुधवारीही नाहीत.

त्याच्या पुढच्या बुधवारी तिला घ्यायला गेले, तेव्हा तिची सून विद्या मेथीची जुडी घेऊन गाडीपाशी आली. ताई अजून घरातच होती. विद्यानं जुडी माझ्या हाती दिली आणि खिडकीशी वाकून विचारलं, "मावशी, तुमी आईले काय म्हनलं हो?"

"मी? कशाबद्दल?"

"आई लय नाराज हायेत. त्यायनं तुमाले सांगतलं म्हने, का आता मी विहारात मांगं बसते, वंदना म्हनते का नाही तेही कोनाले समजत नाही. अन् तुमी म्हनलं, बरं झालं."

माझ्या हातातली मेथीची जुडी मी कुठे ठेवली, मला आठवत नाही. एखाद्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख त्यानं आपल्यापाशी उघडं करावं, आणि आपण त्यावर समाधान व्यक्त करावं! तेही प्रेमानं, मान डोलावून! शाळेत मुलांना मी हजारदा म्हणाले असेन, "समजलं नसेल तर विचारा, उगीच हो म्हणू नका." ते मला कुणी सांगायचं?

गावाबाहेर पडताच मी एका निंबाखाली गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. "ताई," मी म्हणाले, "त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नव्हतं. गाडीच्या आवाजात तुझं काहीच ऐकू येत नाही. मी नुसतीच हो म्हणत होते."

ती माझ्याकडे वळली. बंद गाडीच्या शांततेत तिचा कुजबुजता स्वर अगदी स्वच्छ ऐकू आला. "मंग हो काऊन म्हनत होती वं?"

"तुला पुन्हा बोलायचा त्रास नको म्हणून."

"मले बोलाचा तरास नाही, शोभे," ती म्हणाली. "तुनं आयकलं नाही, त्याचा झाला."

त्या दिवशी बुलढाण्याला जाण्याआधी मी गाडी चिखलीला रऊफभाईंच्या दुकानापुढे नेली. रऊफभाई गाड्यांच्या सीटा शिवतात. माझ्या गाडीची कव्हरं त्यांच्याच हातची. मला वाटलं होतं, ते एखादी जादूची चटई काढतील, अंथरतील आणि काम होईल. पण त्यांनी दुकानातल्या एकाही वस्तूला हात लावला नाही. "पहिले आवाज कुठून येऊन राह्यला, ते तं पाहू बाई," म्हणाले, आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. मी गाडी सिमेंटच्या रस्त्यावर काढली. ते कधी दाराला कान लावत, कधी पायाशी वाकत, कधी डोळे मिटून बसत. वैद्यानं नाडी पाहावी, तितक्या एकाग्रतेनं त्यांनी माझ्या गाडीची घरघर पाहिली.

दुकानाशी परतल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, दारात धरली आणि दार लावलं. पट्टी सहज ओढली गेली. "पाहा. कागद निंघते, म्हंजे हवा येते. हवा येते, म्हंजे आवाज येते." दारांचं रबर वाळून कडक झालं होतं. पायाखालची चटई उचलली, तर तळाच्या पत्र्यातलं एक बूच गळून पडलेलं. त्या भोकातून खालची जमीन दिसत होती! टायरही जुने, कडक, एका अंगानं झिजलेले. हवाही गरजेपेक्षा जास्त भरलेली. डिकीत जॅक आणि पाना मोकळे लोळत होते. ताई तोवर खाली उतरली होती. ती गाडीभोवती फिरली आणि बाजारात भोपळा पारखावा तसं मागच्या चाकावरच्या पत्र्यावर बोटानं टिचकी मारून पाहू लागली. एका जागी थांबली. पुन्हा टिचकी मारली. रऊफभाईंना जवळ बोलावून कुजबुजली, "हे पोकय हाय."

त्यांनी तिथं कान लावला. "बराबर हाय माय," ते आदरानं म्हणाले. "ढोल हाय पुरा. अर्धा आवाज अठूनच येते."

आम्ही दोघी एसटीनं बुलढाण्याला गेलो; तीन दिवस गाडी त्यांच्याकडे राहिली. त्यांनी दारांना नवं मऊ रबर बसवलं, बुचं लावली. चटईखाली आणि चाकांवरच्या पोकळ पत्र्याला आधी डांबराची जड पट्टी चिकटवली, वरून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीची जाड चटई, अंथरला. जॅक कापडात गुंडाळून बांधून टाकला. टायर मी बदलून घेतले. गाडी ताब्यात देताना म्हणाले, "बाई, मी आवाज बंद नाही करू शकत. कमी करून देल्ला. बाकी गाडी चालवनाऱ्याच्या हाती हाय." त्यांच्या या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

पुढचा बुधवार. मेहकर गेलं, सिमेंट आलं. घरघर होती, पण ती आता भिंतीपलीकडे चाललेल्या गिरणीसारखी, दूरची. वाऱ्याची शीळ गेली होती. ताईनं काचेला हात लावून पाहिला, मग माझ्याकडे वळली, आणि शस्त्रक्रियेनंतर चालत्या गाडीत पहिल्यांदा तिचा शब्द माझ्या कानांपर्यंत धडधाकट पोचला.

"हळू चालव."

"काय?"

"हळू चालव म्हनलं. दोन महिन्यांपासून सांगून राह्यली तुले. आयकतच नाही!"

मला इतकं हसू आलं, की गाडी खरोखरच हळू करावी लागली. आणि काय सांगू, काटा ऐंशीवरून साठाखाली आला, तशी उरलीसुरली घरघरही खाली बसली! जिनं सर्वांत सोपा उपाय पहिल्या दिवसापासून सांगितला होता, तिलाच मी मान डोलावून गप्प केलं होतं.

मग मी तिला विहाराचं पुन्हा सांगायला लावलं. तिनं सांगितलं. या वेळी मी मध्ये काहीच म्हणाले नाही. जरा वेळानं विचारलं, "मग मागे बसून कसं वाटतं?"

तिनं विचार केला. "पहिले लय वाईट वाटलं. पन पुढं होती तवा मले माझाच आवाज आयकू ये. आता बाकीच्या बायांचा येते. ते कोपऱ्यातली सीता चुकते थोडी, पन काय गोड म्हनते वं!"

किती वर्षं या बाईनं आवाज दिला होता. आणि तो हरवल्यावर ऐकण्याचं सुख इतक्या निर्मळ मनानं तिनं उचलून घेतलं होतं. मला कृतज्ञता वाटते ती कुणाकुणाबद्दल सांगू? त्या कागदाच्या पट्टीबद्दल, डांबर माखलेल्या रऊफभाईंच्या बोटांबद्दल, वाकून खरं बोलणाऱ्या विद्याबद्दल, आणि हो, त्या दुखावलेल्या नसेबद्दलही, असं म्हणायला जीभ अडखळते. पण ती नस दुखावली नसती, तर मी आयुष्यभर ताईचा आवाजच ऐकत राहिले असते, ताईला ऐकलं नसतं.

हिवाळ्याच्या अखेरीस डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. आवाज थोडा भरला होता, पण आता याहून फारसा वाढणार नाही, दर आठवड्याला यायची गरज नाही, असं त्या हळुवारपणे म्हणाल्या. परतताना मनात एकच होतं, आपले बुधवार संपले. चिखली मागे पडली. तेव्हा ताईच म्हणाली, "मंग पुढच्या बुधवारी कुठी जायाचं?"

"आता कशाला जायचं?"

"काऊन? डॉक्टर नाही तं गाडी नाही का? मले नांदुऱ्याले ने. रेल्वे पाहून लय दिवस झाले."

आणि आम्ही खरंच नांदुऱ्याला गेलो. मेहकर, खामगाव करत, हळूहळू. फलाटावरच्या बाकावर दोन वयस्कर बहिणी, हातात चहा, कुठं जायचं नाही, कुणाला आणायचं नाही! ताई बोलत होती. "मले वाटलं होतं शोभे, आवाज गेला म्हंजे..."

तेवढ्यात न थांबणारी एक एक्सप्रेस फलाट हादरवत आत शिरली. त्या गडगडाटाला कुठला नमदा पुरणार होता! ताईनं वाक्य तिथंच धरून ठेवलं, हात माझ्या मनगटावर ठेवला आणि डब्यांमागून डबे जाताना शांतपणे पाहत राहिली. मीही वाट पाहिली. शेवटचा डबा गेला, धूळ खाली बसली, दूरवर रूळ वाजायचे थांबले, आणि मग ती पुढच्या शब्दापासून बोलली.

"...मानसंही जातात. पन नाही गेले."

"नाही गेले," मी म्हणाले, आणि तिचा गार झालेला चहा बदलून आणायला उठले.