आधी झाका, मंग लिहा

“आधी झाका, मंग लिहा,” असं तो म्हणायचा आणि शर्टाच्या कॉलरमध्ये खोचलेलं दाभण चाचपायचा. शहागडला महामार्गाच्या कडेला तो ट्रकच्या ताडपत्र्या शिवत असे. रस्त्यावर अपघात झाला की हातातलं काम टाकून ताडपत्रीचा तुकडा घेऊन धावायचा. जखमीला सावली, मेलेल्याला पांघरूण. मोबाइल उगारून उभ्या असलेल्यांवर ओरडायचा, “फोन खाली कर! ह्याची माय बघंल ते!”

मग माणूस दवाखान्यात पोचला की स्वतःचा फोन काढायचा. अनोळखी जखमीच्या घरच्यांना कळावं म्हणून पोस्ट लिहायची. चेहरा नाही, रक्त नाही. फक्त खुणा आणि खाली हॅशटॅग. सुरुवातीला त्याने नुसतं #अपघात लावलं होतं. मी गावच्या शाळेचं वाचनालय सांभाळतो; तिथे येऊन त्याने मला फोन दाखवला.

“सर, दुनियाभरचे अपघात एकाच ढिगात पडून राह्यले. ह्यात आपला माणूस कसा सापडंल?”

पुस्तकांच्या कपाटावर चिकटवलेल्या विषयांच्या चिठ्ठ्या बघत तो म्हणाला, “शोधणारी माय काय लिहंल, तेच लिहावं लागंल.”

तेव्हापासून तो गावाचं नाव लिही, जिल्हा लिही, हातावर गोंदलेलं नाव लिही. माणूस परमुलखातला असला, तर ताडपत्रीसाठी थांबलेल्या एखाद्या ड्रायव्हरकडून त्याच्या लिपीत शब्द टाइप करून घेई. “माय काय मराठीत शोधणार हाय का?”

एका तेलुगू क्लीनरचा भाऊ अशाच पोस्टवरून शहागडला आला. दुकानात शिरून थेट त्याचे पाय धरले. हा संकोचून म्हणाला, “पाँव छोड भाई, सुई चुभेगी.”

एकदा त्याची स्वतःचीच शेळी हरवली. #शेळी #शहागड लावून फोटो टाकला, तर खाली लोकांनी मटणाचे मसाले सुचवले. “सर, हे शोधायला आल्ते का जेवायला?” शेळी संध्याकाळी आपली आपण घरी आली, तरी कितीतरी दिवस तो त्या मसालेवाल्यांवर चिडून होता.

यंदा दिवाळीच्या आधी रस्ता ओलांडताना त्याला एका जीपने उडवलं. जीप थांबली नाही. मी त्या दिवशी अंबडला होतो. परत आलो तेव्हा तो गेलेला होता.

त्याचा व्हिडिओ मात्र फिरत होता. तुमच्यापैकी कुणी पाहिलाही असेल. शेजारच्या मोबाइल दुकानदाराने काढलेला. रक्ताने माखलेला चेहरा, कॉलरमधलं दाभण, काहीच झाकलेलं नाही. मागे गाणं. खाली #व्हायरल, #ट्रेंडिंग आणि कुठल्याशा नटाचं नाव. शहागड नाही. त्याचं नाव नाही.

मी त्या दुकानात गेलो.

“काढून टाक तो व्हिडिओ.”

“सर, टॅग लावायला त्यानंच तर शिकवलं आमाला.”

“मग त्याचं नाव का नाही लावलंस?”

“नावाला कोण विचारतंय, सर? ट्रेंडिंगला व्ह्यूज येतेत. मस्त चालू राह्यलाय.”

मी आजवर कुणाशी चढ्या आवाजात बोललेलो नाही. त्या दिवशी काउंटरची काच माझ्या मुठीखाली तडकली. त्याने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो हजार हातांत गेला होता. त्या हातांवरही माझा राग आहे. ज्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, खाली एक रडका चेहरा चिकटवला आणि अंगठ्याने पुढे सरकवला, त्या प्रत्येकावर.

त्याची बहीण केदारखेड्याला असते. घरच्यांचा फोन पोचण्याआधी तो व्हिडिओ तिच्यासमोर आला. ती काही शोधत नव्हती. दुपारी निवांत बसून लोणच्याच्या पाककृती बघत होती. रक्ताने चेहरा ओळखू येईना, दाभणावरून ओळखला.

तिसऱ्याच्या दिवशी ती त्याच्या दुकानात बसली होती. शिवून घड्या घातलेल्या ताडपत्र्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. जीपवाला सापडला का, हे तिने विचारलं नाही. सगळ्यात वरच्या घडीवरून हात फिरवत ती म्हणाली, “सर, दुकान तर उघडंच व्हतं न्हाई का? मंग एक बी न्हाई का हो घातली कुणी माझ्या दादावर?”