आमच्या ड्राइव्हवेतला बार्बेक्यू ट्रेलर

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली, तिथून हे सुरू झालं. त्या उन्हाळ्यात इतके किस्से साठले की माझ्या डोक्याचं आमच्या फ्रीजरसारखं झालंय. मागचा डबा काढायला जावं तर पुढचा पायावर पडतो! म्हणून जसे पडतील तसे सांगते.

दारात विनायककाका. मोटार कंपनीतून रिटायर झालेले इंजिनियर, इथे अमेरिकेत, ट्रॉय गावात आमच्या जन्माआधीपासून. त्यांच्या मागे त्यांची गाडी, आणि गाडीच्या मागे एक पांढरा, रिकामा, खोलीएवढा ट्रेलर.

"उठलात का?" काका म्हणाले. "बार्बेक्यूच्या स्पर्धेत उतरतोय आपण!"

आपण म्हणजे काका, निखिल आणि आमचे हे. निखिल नागपूरचा, आयटीतला. चिकन भाजता येणारा तो एकटाच. काका टीमचे कॅप्टन, आणि जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेले!

"मग काका, चव कोण बघणार?" मी विचारलं.

"चव निखिल बघेल. मी शिस्त बघणार."

आता, हे एका ट्रेलरच्या वर्कशॉपमध्ये कामाला. तिथे ह्यांच्याकडे फक्त वायरी ओढायच्या आणि पाइप जोडायचे. सबंध ट्रेलर एकट्याने करायची ही पहिलीच वेळ. स्पर्धेच्या मैदानावर इन्स्पेक्टर येतो. त्याने पास केलं तर काकांची टीम आत, आणि ह्यांचं स्वतःचं काम सुरू. नापास केलं तर पुन्हा दुसऱ्याच्या वायरी ओढा! म्हणून बाकीचे हसत होते तेव्हा मला हसू येईना. त्यात घरात दोन वर्षांची मनू. आणि पाणी, वीज, गॅस एकाच डब्यात! मी शिकले सातवीपर्यंत, पण ह्या तिघांचं एकमेकांशी पटत नाही एवढं सातवीपर्यंत शिकवतात.

* * *

पहिलं भांडण सिंकवरून.

"भांड्यांना तीन सिंक लागतात," हे म्हणाले. "एकात घासायचं, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात औषधाच्या पाण्यात बुडवायचं. शिवाय हात धुवायला चौथं."

"चार?" काका ओरडले. "आमच्या लग्नात पाचशे पान उठलं, एका नळावर!"

"आणि सांडपाण्याची टाकी चांगल्या पाण्याच्या टाकीपेक्षा मोठी हवी."

झालं! काकांच्यातला इंजिनियर जागा झाला. "हे अशास्त्रीय आहे. जेवढं पाणी आत, तेवढंच बाहेर. जास्तीचं येणार कुठून?"

असं म्हणत ते चहाला घरात आले. नेमकी त्याच वेळी मनूची आंघोळ आटोपली होती. बाथरूमपासून हॉलपर्यंत तळं. काका दोन्ही मोजे भिजवून दारातूनच परत फिरले.

"मोठी बसवा," म्हणाले.

* * *

पाण्याची पहिली टेस्ट. नळ उघडला की पंप आपोआप चालू होतो, अशी सोय ह्यांनी केली होती. निखिल वर्क फ्रॉम होम, म्हणजे वर्क फ्रॉम आमचा ड्राइव्हवे. लॅपटॉप हातात, मीटिंग चालू. हे सिंकखाली उताणे पडलेले.

"सोड रे पाणी!"

निखिलने एका हाताने नळ सोडला. खालचा पाइप निसटला आणि फवारा थेट ह्यांच्या तोंडावर!

"बंद कर! अरे बुडालो! मेलो! बंद कर!"

निखिल आधी लॅपटॉप वाचवणार की नळ? त्याने लॅपटॉप डोक्यावर धरला आणि जागच्या जागी नाचायला लागला. म्यूट करायचं राहूनच गेलं होतं, आणि कॅमेऱ्यात फवारा आणि डोलणारं छत. मग मॅनेजरचा काळजीचा आवाज.

"निखिल, आर यू ऑन अ बोट?"

"नो नो, इट्स अ ट्रेलर."

"देन व्हाय इज इट सिंकिंग?"

* * *

वीज आली तशी माझी झोप गेली. मनू दिसेल त्या भोकात बोट घालते. ह्यांना न विचारता मी दुकानातून प्लास्टिकची झाकणं आणली, मुलं शॉक खाऊ नयेत म्हणून लावतात ती, आणि ट्रेलरमधल्या एकूण एक सॉकेटला ठोकून बसवली.

दुसऱ्या दिवशी काकांना मिक्सर लावायचा होता. झाकण निघेना. काकांनी नख मोडलं. निखिलने फोनवर व्हिडिओ लावला. ह्यांनी पक्कड आणली.

"कुणी बसवलीत ही?" हे चिडले.

"मी! पोरीचा जीव महत्त्वाचा की मिक्सर?"

आमचं जुंपलेलं असताना मनू माझ्या कडेवरून खाली उतरली, भिंतीपाशी गेली, दोन बोटांत झाकण धरलं आणि टक्! काढून काकांच्या हातात दिलं.

"हिअर यू गो," म्हणाली.

काका खूश. मी तिथेच खाली बसले.

* * *

काम पुरं झालं, मग नारळ फोडायचा ठरला. हळदकुंकू झालं, अगरबत्ती झाली. फोडायला दगड शोधायला लागले तर अमेरिकेतल्या अंगणात नुसती हिरवळ.

"दगड कशाला?" काका म्हणाले. "गाडीला जोडायचा हा लोखंडी दांडा आहे की!"

एका घावात नारळ दुभंग, आणि सगळं पाणी दांड्याशेजारच्या, गाडीला जोडून ठेवलेल्या प्लगमध्ये. ट्रेलरच्या मागच्या दिव्यांना गाडीतून वीज जाते ना, तोच तो. डावा दिवा, उजवा दिवा, ब्रेकचा दिवा, सगळे मिळून लुकलुकायला लागले!

"अगेन! अगेन!" मनू टाळ्या पिटायला लागली.

काकांनी हात जोडले. "पावला!"

"काका, शॉर्ट झालंय," हे म्हणाले.

मग माझा हेअर ड्रायर घेऊन हे दुपारभर त्या प्लगपुढे बसले. आजसुद्धा तो ड्रायर लावला की केसांना खोबऱ्याचा वास येतो. तेल लावायची गरज उरलेली नाही!

* * *

आणि मग तो दिवस. मैदानावर ट्रेलरच ट्रेलर, सगळीकडे धूर. इन्स्पेक्टर उंच, मिशाळ, न हसणारा. त्याने गॅस बघितला, ठीक. गरम पाणी बघितलं, ठीक. टाक्या बघितल्या, ठीक. माझा श्वास जरा खाली आला.

मग तो स्विचच्या बोर्डापाशी गेला. सहाच्या सहा खटके खाली. त्याने वर छताकडे पाहिलं. पंखा गरगरतोय, दिवे लख्ख. पुन्हा खटक्यांकडे पाहिलं.

"सगळं बंद आहे," तो सावकाश म्हणाला, "तरी सगळं चालू आहे?"

"चालूच आहे की!" काका म्हणाले.

"बंद आहे."

"चालू आहे!"

इन्स्पेक्टरने एक खटका वर केला. पंखा थांबला. तो दोन पावलं मागे सरकला. "एव्हरीबडी आउट!"

आम्ही सगळे बाहेर. मी मनूला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. ह्यांचा चेहरा पांढराफटक.

"अगं, मी खटका खाली केला की चालू, असं बसवलंय."

"मग? चालू खालीच असतं ना?" मी म्हणाले.

आम्ही चौघे एकमेकांकडे बघायला लागलो. गावाकडे खटका खाली केला की दिवा लागतो, इथे वर केला की. घरात रोज वरच करतो. पण ह्यांनी पहिल्यांदा आपल्या मनाने बोर्ड बसवला तो थेट गावचा! खटक्यांवरची इंग्रजी अक्षरं डोकं खाली, पाय वर. आठ-दहा दिवस आम्ही सगळे ते दाबत होतो आणि एकाच्याही हाताला काही खटकलं नव्हतं.

"सर, तुम्ही अमेरिकेत किती वर्षं?" इन्स्पेक्टरने काकांना विचारलं.

"थर्टी एट," काका पुटपुटले.

हे मेन बंद करून स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. सहाही स्विच सोडवले, फिरवले, बसवले. इन्स्पेक्टरने एकेक तपासला. वर, चालू. खाली, बंद. मग दारावर पासचा स्टिकर चिकटवला आणि मिशीतल्या मिशीत म्हणाला, "बंद असताना चालणारा ट्रेलर पहिल्यांदाच पाहिला."

निखिलने ह्यांना उचललंच! मी रडले. मनू पुन्हा टाळ्या पिटायला लागली. एवढ्यात आतून काकांचा आवाज. खट्, खट्, खट्.

"अहो, पंखा लागत नाहीये! सकाळपर्यंत चांगला चालत होता, काय करून ठेवलंत?"

तर मंडळी, ह्यांचं स्वतःचं काम सुरू झालंय. कुणाला ट्रेलरमध्ये पाण्याचं, विजेचं काम करून घ्यायचं असेल तर चार जणांच्या कानावर घाला. आणि विनायककाका कुठे भेटले तर त्यांनाही एवढं सांगा: वर करायचा, काका, वर!