क्वांटमवाल्यांचा अर्ज

जगातली कुठलीही गोष्ट दह्यावरून समजावता येते, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे आमच्या नाशिकरोडच्या कचेरीतला संगणकचालक; आम्ही त्यांना क्वांटमवाले म्हणायचो. नव्वदच्या दशकात कचेरीत संगणक एकच. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. आम्ही सगळे त्या यंत्राला देव मानायचो, हे मात्र मोजे घालून त्याच्यासमोर बसत आणि त्याची कीव करत. "बिचाऱ्याला शून्य नाही तर एक, एवढंच कळतं. क्वांटमचा संगणक येऊ द्या. त्यातला कण मोजेपर्यंत दोन्हींचं मिश्रण असतो, मोजला की एकच काहीतरी हाती येतं. दही लागताना भांडं हलवलं तर मोडतं की नाही, तसं." घरीसुद्धा विरजणाला ते कुणाला हात लावू देत नसत. वहिनी म्हणत, "मोडलं तर मी ताक करीन. तुमच्या कणाचं काय करतात ते सांगा."

उपयोग मात्र ते वाटेल त्याला सांगत. नव्या औषधातले रेणू कसे वागतील ते आधीच कळेल, गुप्त संदेशांची कुलपं उघडतील. एकदा पिंपळगाव बसवंतला साखरपुड्याला गेलो, तर हे जेवण सोडून द्राक्षं पेट्यांत भरायच्या पॅकहाऊसच्या दारात एका टेम्पोवाल्याला धरून उभे. "वीस गावांची द्राक्षं उचलायची, तर आधी कुठलं गाव? साधा संगणक एकेक क्रम तपासत बसेल. हा सगळे क्रम लाटांसारखे एकदम उठवेल. चुकीच्या लाटा एकमेकींना मारतील, कामाची तेवढी उरेल."

"काका, लय भारी हाय," टेम्पोवाला म्हणाला, "पण वणीचा रस्ता खोदलाय, ते त्याला ठाव हाय का?"

यांनी खिशातून वही काढून ती शंका लिहून घेतली.

कचेरीतले जुने लोक अजून सांगतात, की मुंबईच्या एका संशोधन संस्थेने यांचा अर्ज फेटाळला. ते खोटं आहे. याच विषयाच्या तिथल्या महिन्याभराच्या वर्गासाठी यांनी तीन पानी टिपण जोडून अर्ज केला होता. सरकारी माणसाचा अर्ज वरिष्ठांमार्फतच जायचा, आणि आस्थापनेचा अधीक्षक मी होतो. महिनाभर संगणक कोण चालवणार, म्हणून मी तो कपाटात ठेवला आणि मुदत उलटल्यावर सांगितलं, "नकार आला." ते म्हणाले, "बरोबर आहे, मोठी माणसं येत असतील," आणि मोजे चढवून कामाला बसले. पुन्हा कुठेही अर्ज केला नाही.

दोघेही निवृत्त झाल्यावर एके दिवशी मी तो अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पानं हातात घेतली.

"वाचलात का तरी, साहेब?"

"नाही."

मग त्यांनी चष्मा लावला आणि तिन्ही पानं मला मोठ्याने वाचून दाखवली. दुसऱ्या पानावर थांबून एका समीकरणाखाली पेन्सिलीने रेघ मारली. "इथे चूक आहे. बरं झालं गेला नाही, हसं झालं असतं."

चूक खरंच होती, की माझ्यासाठी त्यांनी ती तेवढ्यात रचली, हे मला आजही ठाऊक नाही. ते कळण्याइतकं त्यांचं मी कधी ऐकलंच नव्हतं.