थोरल्या जावेची ओटी

आमच्या डिचोलीतली मामी नदीला जाऊ म्हणायची. थोरली जाऊ! "आयली की घरभर नाक खुपसतली, पूण निजूंक आपल्या घरा वतली," असं तिचं नदीबद्दल मत. पावसात पाणी मामीच्या पायरीपर्यंत यायचं. मामी हळदकुंकू वाहून नारळानं ओटी भरायची, दोन टोमणे मारायची, की संध्याकाळपर्यंत पाणी परत. ते दिवस गोव्यात कोकणी की मराठी या भांडणाचे. मामी जावेला दोन्ही भाषांत शिव्या द्यायची, म्हणजे कोणाचाच रोष नको.

घरामागे तिचं शेत. नदीचं जास्तीचं पाणी त्यातच पसरायचं, आणि त्या पाण्यात बेडकं हो! मामीला दुपारची झोप म्हणून लागू देत नसत. पुढं गोव्याचं राज्य झालं, जमिनींना भाव आला. मुलगा म्हणाला, "आई, शेत बुजवून बिल्डिंग बांधूया." मामीनं एवढंच विचारलं, "बेबे वतले रे?" बेडकं जाणार म्हटल्यावर बाई लगेच तयार!

लाल मातीचे ट्रक आले, शेत बुजलं, बिल्डिंग उभी राहिली. मुलगा फ्लॅटमध्ये गेला, पण मामी जुन्या घरातून हलेना. "जाऊ येतली आनी दाराक कुलूप? लोक कितें म्हणटले?"

त्याच पावसात मामी दुपारी अशी गाढ झोपली, की खाट तरंगायला लागली तरी घोरतेच आहे! बिल्डिंगवर काम करणारा कोल्हापूरकडचा सेंट्रिंगवाला धावत आला, त्यानं तिला खांद्यावर घेतलं. मी समोर आमच्या उंच पडवीतून बघतेय. तो छातीभर पाण्यात, आणि वरून मामी म्हणते, "राव रे, थांब! ओटी भरपाची उरली." दारावरच्या शिंक्यातला नारळ तिनं पाण्यात सोडला. तो डुलत डुलत तिच्याच पायाशी परत.

"घेना पळय! जाऊ रागार जाल्या." मग मामीची नजर बुजलेल्या शेतावरच्या बिल्डिंगकडे गेली. "तिची बसपाची जागा हांवेंच काडून घेतली मरे, त्या बेब्यांपायीं!"

"आजी, नदीला मागनं समजवा," तो कण्हला. "आधी माझा खांदा गेला!"

जुन्या घराच्या मातीच्या भिंती त्या पाण्यात बसल्या. मामी मुलाकडे दुसऱ्या मजल्यावर गेली ती कायमची. मी भेटायला गेले, तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "मामी, इथं पाणी येणार नाही हो!"

"येवचें ना," मामी म्हणाली. बशीतला चहा तसाच निवत होता. "कोणूच येना गो."