सहा खोल्या, चार मिनिटं वीस सेकंद

काम अर्धं उरकलं की तिच्या तोंडून "झालं!" बाहेर पडायचं आणि उरलेलं अर्धं दुसऱ्याच्या गळ्यात पडायचं. म्हणून परिचारिका महाविद्यालयात आणि त्याला जोडून असलेल्या रुग्णालयात तिला सगळे झालंबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि ती ओ देई. नाव खोटं असतं तर भांडली असती. खऱ्याशी काय भांडायचं?

घाई जन्मजात. सायकल शिकताना ब्रेक कुठे असतो हे विचारायच्या आधीच ती उतारावर होती. पदार्थविज्ञानाची पदवी घेतली, तीही प्रयोगवहीतला शेवटचा आकडा अंदाजाने ठोकून. लग्नाला दुसऱ्याच भेटीत होकार दिला. नवरा चांगला निघाला, पण त्याचं श्रेय आपल्या अकलेला नाही, निव्वळ नशिबाला आहे, असं ती नवऱ्यादेखत सांगे. नोकरीला लागली टंकलेखिका म्हणून. कचेरीत पहिला संगणक आला तेव्हा बाकीचे पेटीत साप असल्यासारखे चार हात लांब उभे राहिले; हिने आवरण ओढून काढलं आणि बटण दाबलं. एवढ्या भांडवलावर ती पुढे सत्तावीस वर्षं दोन्ही इमारतींच्या नेटवर्कची मालकीण झाली. काही बिघडलं की तिचं निदान ठरलेलं: "वायर खराब आहे." वायर बिचारी मुकी. कधी उलटून बोलली नाही.

यंदा मात्र गळ्याशी आलं. हृदयाच्या रचनेचा धडा एका हॉलमध्ये शिकवायचा आणि कॅमेऱ्यातून सहा वर्गखोल्यांतल्या पडद्यांवर दाखवायचा, असं ठरलं. पहिल्या चाचणीला चित्र सहाही खोल्यांत दिसलं खरं, पण रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवरचे संगणक गोगलगाय झाले आणि रांग फाटकाबाहेर गेली. अधीक्षकांनी फर्मान काढलं: नेटवर्क बाहेरच्या कंपनीकडे द्यायचं, आणि बाईंना मागच्या इमारतीत जुन्या कागदपत्रांच्या विभागात. तिथे खिडकी एकच आणि तीही उघडत नाही.

तेव्हा बैठकीत तिची बाजू घेतली ती तिच्या नणंदेने. धडा शिकवणार होत्या त्या याच. शरीरशास्त्राच्या शिक्षिका, करड्या शिस्तीच्या, आणि वहिनीचं कौतुक चुकूनही न करणाऱ्या.

"शुक्रवारचा धडा तिला करू द्या," त्या अधीक्षकांना म्हणाल्या. "सहा खोल्यांत चित्र दिसलं आणि नोंदणी अडली नाही, तर काम तिच्याकडेच ठेवा. नाही जमलं तर पाठवा कागदांत. मी आड येणार नाही."

बाहेर आल्यावर वहिनीला म्हणाल्या, "माझी मान तुझ्या हातात दिलीय. एरवी तू हातातली बशीसुद्धा पाडतेस, म्हणून सांगून ठेवते."

"वन्सं, बशी एकदाच पडली."

"सहाचा संच होता. आता दोन आहेत."

मागच्या वेळी काय चुकलं ते तिला कळलं होतं. स्विच म्हणजे बऱ्याच भोकांची एक चपटी पेटी. प्रत्येक भोकात एकेक वायर. कॅमेऱ्याचं चित्र आलं की हा स्विच ते सरसकट सगळ्या वायरींत ओतत होता: वर्गांत, नोंदणीच्या संगणकांत, अगदी छपाईयंत्रातसुद्धा. छपाईयंत्राला हृदयाशी काय करायचंय? उपाय असा, की प्रत्येक पडद्याला जोडलेली छोटी पेटी 'मला हवं' म्हणेल तेव्हा तिचं नाव स्विचने यादीत लिहायचं आणि चित्र फक्त तिलाच द्यायचं. तिने स्विचवर ती सोय चालू केली. गुरुवारी संध्याकाळी सहा खोल्यांत चित्र पाहिलं, दोन मिनिटं थांबली, नोंदणी खिडकी सुरळीत असल्याची खात्री केली, आणि म्हणाली... काय म्हणाली ते सांगायला नको.

शुक्रवारी दहाला धडा. ती दहाला तीन मिनिटं असताना पहिल्या खोलीतला पडदा चालू करून पुढे निघाली. मग दुसरी खोली. तिसरीच्या दारात एका मुलीने अडवलं: चार्जर कुठे लावायचा, इथलं बटण चालत नाही. त्यात मिनिटभर गेलं, मग तिसरीचा पडदा. मग चौथी, पाचवी, सहावी, जवळजवळ धावतच. दहाच्या ठोक्याला वन्संनी हातात हृदयाचं प्लास्टिकचं प्रारूप घेतलं. झालंबाई जिन्यात येऊन उभी राहिली आणि स्वतःच्या पाठीवर मनातल्या मनात थाप मारून घेतली.

थाप पुरती बसलीही नसेल, तोच पहिल्या खोलीतून "ए, गेलं!" असा गलका झाला. ती धावली. पडदा काळा. वायर काढून पुन्हा खोचते आहे, तोवर दुसरी खोली ओरडली. ती दुसऱ्या खोलीत. तिसरीत चित्र होतं, तेव्हा तिला जरा धीर आला. मिनिटभराने तिसरीही गेली. मग चौथी, पाचवी, सहावी, पटापट.

ती जागच्या जागी थबकली. दुसरी आणि तिसरी यांच्यात मिनिटभराची फट का? चार्जरवाल्या मुलीची फट होती ती! ज्या क्रमाने, ज्या अंतराने ती पडदे चालू करत गेली, त्याच क्रमाने अंधार तिच्या पावलांवर पाऊल टाकत आला होता. सहा वायरी काही अशा रांगेत, घड्याळ लावून खराब होत नाहीत. म्हणजे चित्र दर वेळी ठरावीक वेळच टिकत होतं, आणि काल आपण दोन मिनिटं थांबून घरी गेलो. आणखी अडीच मिनिटं थांबलो असतो तर? पण अडीच मिनिटं थांबेल ती ही कसली! आपल्याइतकी हुशार गाढवीण या इमारतीत दुसरी नाही, असं म्हणत ती स्विचच्या खोलीत घुसली. खोली कसली, कपाटच. एक माणूस आत शिरला की दुसऱ्याने दारातच उभं राहायचं. आणि दुसरा आलाच. अधीक्षक.

"काय बाई, वायर का?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा होता, पण वाटही होती. नुसतं हो म्हटलं असतं तर वायरमनला बोलावून तासभर घोळ घालता आला असता आणि दोष वाटला गेला असता.

दुसरी वाट बोटाखालीच होती. कालची सोय बंद केली की सहाही पडदे क्षणात उजळणार होते, आणि नोंदणीची रांग पुन्हा फाटकाबाहेर.

"वायर नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे. काल पुरतं तपासलं नाही."

अधीक्षकांनी खिशातलं पेन काढलं. सत्तावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. "मग... तसं लिहू?"

"खुशाल लिहा. पण आधी दारातून सरका, उजेड अडतोय. मला सात मिनिटं द्या."

"पाच."

"पाच म्हटलं तर मी तीनमध्ये काहीतरी करून मोकळी होईन. सात."

संगणकाच्या पडद्यावर स्विचची यादी उघडली. रिकामी. सहा नावं लिहिली गेली होती आणि सहाही पुसली गेली होती. मग तिने गेल्या आठवड्यात तिसऱ्या पानावर मिटलेलं माहितीपुस्तक काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चौथं पान वाचलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: यादीतलं नाव चार मिनिटं वीस सेकंद टिकतं. तेवढ्या वेळात पडद्याच्या पेटीने पुन्हा 'हवं' म्हटलं नाही तर पुसतात. आणि पेटी आपणहून पुन्हा सांगत नाही. कोणीतरी दर दोन मिनिटांनी 'कोणाकोणाला हवंय?' असं विचारावं लागतं. हे विचारण्याचं काम तिने कोणालाच दिलेलं नव्हतं. घरी जेवताना वन्सं दर दोन मिनिटांनी "कोणाला काय हवंय?" विचारतात तेव्हा तिचं डोकं उठे. आता कळलं, पंगत कशावर चालते ते.

स्विचवर ही विचारणा चालू केली. विचारणाऱ्याला स्वतःचा पत्ता लागतो, तो दिला. लिहिलेलं जपून ठेवलं, नाहीतर वीज गेली की पुन्हा शून्य. पडद्यावर एक नाव उमटलं. मग दोन, चार, सहा. पेट्या बिचाऱ्या तशाच वाट बघत बसलेल्या. विचारल्याबरोबर सगळ्यांनी हात वर केले. वरच्या मजल्यावरून मुलींचा "आलं, आलं!" असा ओरडा ऐकू आला.

अधीक्षक घड्याळ बघून म्हणाले, "सहा मिनिटं. झालं ना?"

"थांबा," ती म्हणाली. आणि स्टुलावर बसून यादीकडे बघत राहिली. दोन मिनिटं. चार. पाच. पाय हलत होता, हात खाजत होता, पण नावं जागची हलली नाहीत. नोंदणी खिडकीवरून फोन आला नाही. तिकडे वन्संनी आपणहून हृदयाचे चारही कप्पे पहिल्यापासून सांगितले आणि धडा दहा मिनिटं उशिरा संपवला.

सोमवारी अधीक्षकांचा कागद आला. नेटवर्क बाईंकडेच राहील. मात्र सहा महिने प्रत्येक काम संपल्यावर एका जबाबदार व्यक्तीने शेजारी दहा मिनिटं बसून, घड्याळ लावून, सही करायची. जबाबदार व्यक्तीचं नाव वाचून ती नवऱ्याला म्हणाली, "यापेक्षा कागदपत्रं बरी होती. तिथे निदान खिडकी उघडत नाही, वन्सं तरी आत आल्या नसत्या."

मंगळवारी वन्संनी कपाटाच्या दारात खुर्ची टाकली, चष्मा पुसला, घड्याळ मांडीवर ठेवलं.

"हा हिरवा दिवा कसला गं?"

"चालू असल्याचा."

"आणि हा लुकलुकणारा?"

"तोही चालू असल्याचाच."

"मग दोन कशाला? बरं, किती मिनिटं झाली?"

"दीड, वन्सं."