कुंकू लागलेलं कार्ड

पेठेकाका देवपूजेआधी हात धुवायचे की नाही, मला ठाऊक नाही. पण हॉकीच्या कार्डांना हात लावण्याआधी मात्र कोपरापर्यंत साबण लावून घ्यायचे. जन्म औषधाच्या दुकानात गेलेला. "बोटाचं तेल म्हणजे कार्डाचा मधुमेह. दिसत नाही, पण आतून खातो," असं मला बजावायचे. मी परदेशातल्या बॉटनी डाउन्स या उपनगरातला त्यांचा शेजारी आणि फुकटचा ड्रायव्हर.

कार्डं बर्फावरच्या हॉकीतल्या खेळाडूंच्या फोटोंची, छंद म्हणून जमवलेली, थेट कॅनडाकडची. काकांनी तिथली एकही मॅच पाहिली नव्हती. बर्फाशी संबंध फ्रीजपुरता. इथला सगळा देश रग्बीमागे धावत असताना हे वेड कुठून लागलं, असं विचारलं की म्हणायचे, "तिकडे गर्दी फार आहे रे. इकडे निवांत." काकूंच्या लेखी ते सगळे पुठ्ठे होते. "पुठ्ठे उचला, पानं घ्यायचीत," हे रोजचंच. काका हसून उचलायचे, पण चेहरा उतरलेला दिसायचा.

एका संघाचे सगळे खेळाडू त्यांच्याकडे होते, फक्त गोलकीपर नव्हता. तो होता शहराबाहेरच्या पुकेकोहे गावातल्या ब्रायनकडे. कांदे पिकवणारा हा गडी पुष्कळ मनधरणीनंतर अदलाबदलीला तयार झाला. बदल्यात त्याला काकांचं सर्वांत दुर्मीळ कार्ड हवं होतं, तेही डाग नसलेलं. "डाग पडला की कार्डाचा कागद होतो," हे काकांचंच वाक्य.

ठरलेला दिवस नेमका दसऱ्याचा. सकाळी मी गाडी घेऊन गेलो, तर काकूंनी पाटावर पूजा मांडलेली. गाडीची किल्ली, लॅपटॉप, काकांचं भिंग. शेजारी ते कार्ड. काकांनी शेवटचं तपासायला ते प्लास्टिकच्या डबीतून काढून टेबलावर ठेवलं होतं आणि अंघोळीला गेले होते. खेळाडूच्या हेल्मेटवर हळद आणि ओलं कुंकू.

काका बाहेर आले आणि बघतच राहिले.

"म्हटलं, तुमचं शस्त्र हेच," काकू म्हणाल्या. "हात जोडा."

काकांनी हात जोडले. मग अंगणात येऊन ब्रायनला फोन लावला. "सॉरी, ब्रायन. नो ट्रेड. माय वाइफ हॅज ब्लेस्ट इट."

"स्वीट अ‍ॅज, मेट," म्हणजे काही हरकत नाही, असं पलीकडून उत्तर आलं. त्याला काय समजलं कोण जाणे.

"काकूंना सांगायचं तरी," मी म्हटलं.

"वेडा आहेस का? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं पुठ्ठा म्हटलं नाही. गोलकीपर काय, मिळेल कधीतरी."

तो मिळाला नाही. मागच्या हिवाळ्यात काका गेले. फार सज्जन माणूस. आजही गाडी काढताना शेजारची सीट रिकामी दिसते आणि वाईट वाटतं. महिनाभराने ब्रायन आला आणि काकूंनी सगळे अल्बम त्याच्या हवाली केले. टेबलावर तेवढं ते एक कार्ड राहिलं.

"हे नाही द्यायचं," काकू मला म्हणाल्या. "ह्यांचं सगळ्यात मोलाचं. मी पूजा केली ना, तेव्हापासून कुणाला देण्याची भाषा नाही केली त्यांनी. त्याला सांग तसं."

मी ब्रायनला तसंच सांगितलं. त्याने त्या लाल डागाकडे पाहिलं आणि मान हलवली.

कार्ड देवघरात ठेवायचं होतं. ते उचलण्याआधी काकू आत गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुवून आल्या.